काळ्या रानातली तीन चाकं

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन गेला की दुबलगुंडीच्या शिवारात कोणती गाडी कुठवर जाईल, हे जमीनच ठरवते. ट्रॅक्टर जातो. बैलगाडीही जाते, पण बैलजोडी सांभाळणारी घरं कमी होत चालली. पिकअप आणि जीप डांबरी सडकेच्या कडेला थांबतात, कारण रेगडीत चाकं बुडाली की त्यांना ओढायला पुन्हा ट्रॅक्टरच शोधावा लागतो. मोटरसायकलच्या मडगार्डात चिखल ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग उरते ती तीनचाकी टमटम. वीस-बावीस वर्षांची, हुड कधीच गेलेलं, एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर धडधडणारी. बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचं पिंप, दुधाच्या किटल्या, खताची दोन पोती असं काहीही घेऊन ती वाटेला लागते.

अडकते तीही. पण रिकामी टमटम जेमतेम चारशे-साडेचारशे किलोची. चार माणसांनी मागून खांदा लावला की निघते. भारी गाडीला जिथं दोरखंड आणि दुसरी गाडी लागते, तिथं हिला शेजारच्या रानातली माणसं पुरतात. तिची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं. बिदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात कुणी तिला ‘ऑल-टेरेन व्हेइकल’ (एटीव्ही) म्हणत नाही, पण ते काम गेली पंचवीस वर्षं हिनंच केलं आहे. आणि आता या गाड्या जुन्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जात असताना त्या कशा घ्याव्यात, कशा जगवाव्यात, याबद्दल मराठीत कुठं काही लिहिलेलं सापडत नाही. जे आहे ते गॅरेजात, मिस्त्रींच्या हातात आहे.

दुबलगुंडी हे हुमनाबाद तालुक्यातलं गाव. हुमनाबादला पुणे-सोलापूर-हैदराबाद हमरस्ता, म्हणजे जुना ९ आणि आताचा ६५ क्रमांकाचा महामार्ग, बिदर-कलबुर्गी रस्त्याला छेदतो. त्यामुळे तीन राज्यांतल्या जुन्या गाड्या इथं येऊन मिळतात. सोलापूरची एमएच-१३, लातूरची एमएच-२४, झहीराबादकडची जुनी एपी-२३, बिदरची केए-३८ आणि कलबुर्गीची केए-३२ अशा सगळ्या पाट्या एकाच गॅरेजासमोर उभ्या दिसतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, उदगीर-निलंगा एकीकडं गेले आणि भालकी-हुमनाबाद दुसरीकडं. पण सोयरिकी राहिल्या तशाच. जुनी गाडी विकायची तर पहिला निरोप आजही पाहुण्यांनाच जातो. निलंग्याचा मामा सांगतो, हुमनाबादचा भाचा बघायला जातो. या व्यवहारात विश्वास असतो, आणि अडचणही तिथूनच सुरू होते, कारण मामाच्या गाडीखाली वाकून बघायला भाच्याला संकोच वाटतो. संकोच करू नये. मामालाही गाडीच्या बुडाची अवस्था ठाऊक असतेच असं नाही.

तीन चाकांवर रान तुडवायची कल्पना जगात इतरत्र वेगळ्या रीतीनं आली. जपानच्या होंडा कंपनीनं १९७० साली अमेरिकेत एक गाडी आणली, पुढं तिचं नाव एटीसी-९० पडलं. ओसामू ताकेउची हे तिचे अभियंता. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा दुकानदारांना विकायला काहीतरी द्या, अशी तिकडची मागणी होती. ८९ सीसीचं इंजिन आणि फुग्यासारखे जाड, कमी हवेचे टायर. स्प्रिंग नाही, शॉकॲब्सॉर्बर नाही. धक्का खायचं काम टायरनंच करायचं. बर्फ, वाळू, चिखल यांवर ती तरंगल्यासारखी जाई. १९७१ च्या जेम्स बाँडच्या सिनेमात ती दिसली आणि घराघरात पोचली. पण तिचा मागचा आस सलग होता, दोन्ही मागची चाकं एकाच वेगानं फिरत. वळताना अंग टाकून आतलं चाक हलकं करावं लागे. हे कसब मोठ्यांनाही शिकावं लागतं, आणि बसत होती मुलं. गाड्या उलटल्या, माणसं दगावली, मुलं दगावली. अखेर १९८८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयासमोर तडजोड झाली आणि नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री तिथं थांबली. आज त्या गाड्या हौशी लोक शोधून शोधून घेतात. आपल्याकडे त्या आल्याच नाहीत म्हणायला हरकत नाही.

आपली तीन चाकं आली ती हौसेतून नव्हे, ओझ्यातून. अहमदनगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी माणसानं माणूस ओढायची रिक्षा बंद व्हावी म्हणून स्कूटरच्या इंजिनावरची तीनचाकी इथं रुजवायचा ध्यास घेतला. १९५८ मध्ये त्यांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. तिची पहिली गाडी हॅन्सीट, मूळ हँबुर्गजवळच्या हारबुर्गच्या टेम्पो कारखान्याची. आधी गोरेगावला आणि १९६४ पासून आकुर्डीला ती बनत असे. जर्मनीत हॅन्सीट १९४९ ते १९५६ एवढीच बनली. आपल्याकडे ती २००० सालापर्यंत बनत राहिली.

महाराष्ट्रात तिला ‘डुक्कर’ म्हणत, कारण पुढचं तोंड तसंच. त्या तोंडात तिची सगळी हुशारी होती. दोन सिलिंडरचं, ४०० सीसीच्या आसपासचं टू-स्ट्रोक इंजिन सरळ पुढच्या चाकावर बसवलेलं. साखळीनं पुढचंच चाक फिरायचं, आणि स्टिअरिंग वळवलं की चाकाबरोबर इंजिनही वळायचं. मागं फक्त दोन चाकं आणि माल. ना लांब दांडा, ना मागचा गिअर. चिखलात याचा फायदा असा की इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकावर पडतं. तोटा असा की माल मागं जास्त झाला आणि चढ आला, की पुढचं चाक हलकं होऊन जागीच फिरतं. ज्यांनी हॅन्सीट चालवली आहे ते चढाला माल पुढं सरकवून बांधायचे, ते यासाठीच.

मग डिझेलची तीनचाकी आली. इटलीत पियाज्योनं १९४८ साली व्हेस्पाच्या पाठोपाठ आपे काढली होती, आराखडा व्हेस्पाच्याच कोर्रादिनो दास्कानियोंचा. १९९९ च्या सुमारास ती बारामतीत बनू लागली आणि तिच्यात ग्रीव्हजचं ३९५ सीसीचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन बसलं. खरं सांगायचं तर सीमाभागातल्या खेड्यांचं दळणवळण या एका जोडणीनं बदललं. बजाजनंही १९७१ पासून मालवाहू तीनचाकी आणि १९७७ पासून मागच्या इंजिनाची रिक्षा काढली होती, पण ती पेट्रोलवर, शहरासाठी. डिझेल टमटम मात्र खेड्यात घुसली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवाला जाणारे भाविक, कमलापूरची लाल केळी, कलबुर्गीच्या बाजारात जाणारी तूर, सगळं तिनं वाहिलं. खुद्द इटलीत पोंतेदेराच्या कारखान्यातली आपे २०२४ च्या अखेरीस थांबली. बारामतीत तीनचाकी अजून बनते.

पुण्या-मुंबईनं सीएनजी धरला तशा मोठ्या शहरांच्या आसपासच्या डिझेल तीनचाकी आणखी आत, तालुक्याकडं आणि तिथून शिवाराकडं सरकत गेल्या. आज शेतकरी जी जुनी टमटम विकत घेतो ती बहुधा याच वाटेनं आलेली असते.

आता घ्यायची कशी. ‘एकहाती गाडी आहे अण्णा, कधी माल टाकलाच नाही’ हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतो. त्यावर वाद घालू नये, खाली बसावं. जाणते मिस्त्री जुन्या गाडीपाशी गेले की इंजिनाकडं बघत नाहीत. आधी बूड बघतात. इंजिन नवं करता येतं. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन-रिंग घातले, नोझल तपासून घेतला, हेड घासून घेतलं की इंजिन पुन्हा उभं राहतं. चेसीस एकदा आतून कुजली की वेल्डिंगवर वेल्डिंग चढत जातं आणि गाडी सरळ चालत नाही.

तर हौद्याच्या खाली टॉर्च मारावी. ज्या गाडीनं युरिया आणि पोटॅश वाहिलं आहे तिचा पत्रा फाटलेल्या पोत्यातून सांडलेल्या खतानं आणि पावसाच्या ओलीनं खालून खाल्लेला असतो. वरून ताजा रंग, आणि बोट दाबलं की पत्रा पापडासारखा मोडतो. दुसरी जागा बॅटरीखालची; आम्ल गळून तिथली पट्टी गेलेली असते. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पुढच्या फोर्कची नळी चेसीसला जिथं मिळते ती. तिथं केसाएवढी जरी चीर दिसली, किंवा नव्या वेल्डिंगवर जाड ग्रीस फासलेलं दिसलं, तर उठून घरी यावं. तीनचाकीला पुढं एकच चाक. चारचाकीचं पुढचं एक चाक निखळलं तर दुसरं असतं. इथं दुसरं नाही.

मग पुढचं चाक जॅकवर उचलून हँडल डावीउजवीकडं फिरवावं. मध्येच खाच लागल्यासारखं अडलं तर कोनची बेरिंगं गेली. चाक धरून पुढंमागं हलवलं आणि खटखट आलं तर बुश गेले. हे दोन्ही काही फार खर्चाचं काम नाही, पण भाव करताना सांगायला पाहिजे. मागचं एक चाक उचलावं, गाडी गिअरमध्ये ठेवून ते हातानं हलवावं. थोडी ढिलाई चालते. चाक चांगलं बोटभर मोकळं फिरलं तर डिफरन्शियलचे दात किंवा दांड्याचा सांधा झिजला आहे. सांध्यावरचा रबरी बूट फाटला असेल तर आत चिखल गेलेला असणारच. रेगडीचा चिखल वाळला की दगड होतो आणि ग्रीसमध्ये मिसळला की कानस. काळ्या रानात चालणाऱ्या गाडीचा हा रबरी बूट फाटकाच ठेवणारा मालक इंजिनाचंही काही बघत नसेल, असं खुशाल धरून चालावं.

इंजिन मात्र थंडच बघायचं. आपण पोचण्याआधी मालकानं गाडी गरम करून ठेवली असेल तर चहा घ्यावा, तासभर बसावं, इंजिन हाताला थंड लागेपर्यंत विषय काढू नये. जुन्या डिझेल टमटमी दोरी गुंडाळून ओढायच्या; पुढच्या सेल्फवर आल्या. कशीही असो, थंड इंजिन दोन-तीन ओढीत किंवा एका सेल्फला धरलं पाहिजे. सुरू झाल्यावर धूर बघावा. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटभरात गेला तर हरकत नाही. निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल खातंय. काळा धूर वजनाखाली थोडा येतोच, पण रिकाम्या गाडीला येत असेल तर नोझल किंवा पंप दाखवावा लागेल. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघावं; तिथून फसफस करत वाफेसारखा धूर उसळला तर रिंगा गेल्या आणि ब्लॉकचं काम आलं. ते करायला हरकत नाही, फक्त गाडीच्या किमतीतून तो खर्च वजा झाला पाहिजे. शेवटी गाडीत चार पोती टाकून चढावर दुसऱ्या गिअरमध्ये चालवावी. गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार.

बुडानंतर कागद. आणि सीमाभागात कागदच जास्त लोकांना बुडवतात. टमटम ही बहुतेक वेळा परिवहन वाहन म्हणून नोंदलेली असते. अशा गाडीला नवी असताना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला लागतो. आरसी, विमा, दाखला, कराची पावती आणि वित्तसंस्थेचा बोजा उतरल्याचा कागद, एवढं समोर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बोजा राहून गेलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवरून नाव काढलेलं नसतं, आणि मूळ मालक आता कुठं आहे ते कुणालाच माहीत नसतं. परराज्याची पाटी असेल तर मूळ कार्यालयाचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, आधी. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नवा नंबर घ्यावाच लागतो. चेसीस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासावी, ठसा उमटेल तो आरसीशी एकेक अक्षर ताडून बघावा. आरटीओतही हेच करतात. ते आपण दहा मिनिटांत आधी केलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचं आणि दाखल्याचं शुल्क केंद्र सरकारनं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना काढून वाढवलं, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं आणि नंतरही आकडे बदलत राहिले आहेत. तेव्हा व्यवहार ठरवण्याआधी आरटीओत जाऊन त्या दिवसाचा आकडा विचारून यावा. पुष्कळ जण म्हणतात, आपल्याला कुठं रस्त्यावर न्यायची आहे, शेतातच तर चालवायची. पण दुबलगुंडीसारख्या गावात घर आणि रान यांच्या मध्ये सार्वजनिक रस्ता असतोच. बांधावरून चाक सडकेवर आलं की विमा आणि नोंदणी लागते, आणि अपघात झाला तर जखमी माणसाची भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. विम्याविना गाडी सडकेवर काढू नये, हे मला इथं स्पष्ट लिहावंसं वाटतं.

गाडी घेतल्यावर पहिलं काम धुण्याचं. हे इंजिन हवेनं थंड होतं. ब्लॉकच्या पात्यांमधून पंख्याची हवा फिरते म्हणून ते टिकतं. रानात चालणाऱ्या गाडीच्या या पात्यांत तेल, धूळ आणि सोयाबीनचा भुसा यांचा थर बसतो. वरून बघून तो दिसत नाही. पंख्याचं आवरण काढावं लागतं. मग डिझेल आणि ब्रश घेऊन एकेक पातं साफ करायचं, लाकडाच्या पट्टीनं खरवडायचं, लोखंडानं नाही. हे काम सुगीआधी आणि सुगीनंतर केलं तर इंजिन तापून हेड फाटायचं बहुतेक टळतं. कारण मळणीच्या दिवसांत गाडी सगळ्यात जास्त पळते, आणि हवेत भुसाही तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

हवेच्या फिल्टरचंही तसंच. ऑइलबाथ असेल तर वाटीतलं तेल काढून तळाचा गाळ बघावा. पावसाळ्यात महिनोन्महिने गेले तरी चालेल, पण हिवाळ्यात कच्च्या रस्त्यावर आठवड्यानं वाटी उघडावी. धूळ आत गेली की पिस्टन-रिंगा काही हजार किलोमीटरमध्ये संपतात आणि मग गाडी ‘ऑइल खाते’ म्हणून मिस्त्रीकडं येते. खरं तर तिनं धूळ खाल्लेली असते. कागदी फिल्टर झटकून पुन्हा घालायची सवय सोडावी.

डिझेलची टाकी पूर्ण संपू देऊ नये. टाकी कोरडी झाली की नळीत हवा पकडते, आणि भर रानात नवखा माणूस बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत बसतो. डिझेल फिल्टरवरचा छोटा बोल्ट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल वाहू द्यायचं आणि मग आवळायचं, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला शिकवून ठेवावं. त्यासाठी गाडीत एक योग्य मापाचा पाना कायम बांधलेला असावा.

चिखलातून आलेली गाडी धुवावी, पण प्रेशरचा पाइप चाकाच्या बेरिंगवर आणि रबरी बुटावर मारू नये. पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर. पावसाळा संपला की पुढच्या आणि मागच्या चाकांची बेरिंगं उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून घ्यावं. ब्रेकचे ड्रम त्याच वेळी उघडावेत. काळा चिखल ड्रममध्ये सुकून बसतो, लायनर गुळगुळीत होतो आणि ब्रेक लागतो पण गाडी थांबत नाही. टॅपेटचं अंतर मिस्त्रीकडून मोजून लावून घ्यावं, आवाजावरून नाही. आवाज कमी करायचा म्हणून टॅपेट घट्ट केले तर व्हॉल्व्ह जळतो, आणि गाडी काही दिवस छान गप्प चालून एका सकाळी सुरूच होत नाही.

सुट्या भागांची या पट्ट्यात अडचण नाही. आपेचे टायर ४.५०-१० मापाचे, ते कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. रिंगा, बुश, क्लचप्लेट, नोझल हुमनाबाद-कलबुर्गीत मिळतं, नाही तर सोलापूर आणि हैदराबाद हमरस्त्यावर आहेतच. हॅन्सीटचं तसं नाही. तिचा एखादा भाग हवा तर दुसरी मेलेली हॅन्सीट शोधावी लागते किंवा लेथवाल्याकडं नमुना घेऊन बसावं लागतं. साखळीचं आवरण, पुढच्या चाकाचा सांधा, क्रँकचे सील या तीन गोष्टी शाबूत असतील तरच हॅन्सीट घ्यावी. बाकी सगळं आपल्याकडचे टर्नर करून देतात.

चालवण्याबद्दल दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडीवाटेला दोन चाकोऱ्या असतात, मधला उंचवटा गवताचा. चारचाकीची चारही चाकं चाकोरीत बसतात. टमटमची मागची दोन बसतात आणि पुढचं एकटं मधल्या उंचवट्यावर चढतं. कोरड्यात त्याचा फायदा होतो, कारण पुढचं चाक कधी खड्ड्यात जात नाही. ओल्या गवतावर मात्र ते घसरतं आणि हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते. अशा वेळी वेग आधीच मोडलेला असला पाहिजे. दुसरी गोष्ट वजनाची. तीन चाकं म्हणजे त्रिकोण, पुढं टोक. वजन जितकं पुढं आणि उंच, तितकी गाडी वळणावर उलटायला सोपी. उतारावर वळता वळता ब्रेक दाबला की वजन झपकन त्या टोकाकडं येतं आणि आतलं मागचं चाक उचललं जातं. चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसं, टपावर पोती, मागं लटकलेली पोरं, अशी जत्रेची टमटम या भागात सगळ्यांनी पाहिली आहे. मालवाहू टमटममध्ये शेतमजूर बायका कोंबून नेणंही रोजचंच आहे. अमेरिकेत तीनचाकी एटीव्ही बंद झाल्या त्यामागं हा त्रिकोणही होता, आणि तिथं तर गाडीवर एकच माणूस असायचा. ज्याच्या रोजगारावर बायका येतात त्या मालकानं दोन खेपा कराव्यात. डिझेल जास्त जाईल. जाऊ द्यावं.

शेवटचं एक मागणं आहे, आणि ते सरकारकडं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षांची, धंद्याला वापर नाही. चांगले नियम आहेत. पण त्यात दुचाकी आणि चारचाकी एवढ्यांचाच समावेश आहे. तीनचाकी नाही. म्हणजे १९६८ ची एखादी मोटार किंवा स्कूटर वारसा म्हणून जपता येते, आणि त्याच वर्षी आकुर्डीत बनलेली, चाळीस वर्षं लोकांचं धान्य वाहिलेली हॅन्सीट कायद्याच्या नजरेत केवळ मुदत संपलेलं मालवाहू वाहन राहते. तिच्यापुढं भंगाराचीच वाट उरते. या देशात सामान्य माणसाच्या घरापर्यंत पहिली मोटार पोचली ती बहुतेक ठिकाणी तीन चाकांवर, मग वारसा मोजताना ती बाहेर का?

मंत्रालयाच्या वर्गवारीत तीनचाकीचा गट एल-५ आहे. व्हिंटेजच्या व्याख्येत तेवढा एक गट घालावा. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या खासदारांनी, विशेषतः पुणे, सोलापूर, लातूर, बिदर आणि कलबुर्गीच्या, हा प्रश्न मांडावा. आणि वाचकांपैकी कुणाच्या गोठ्यामागं, कुणाच्या वाड्याच्या पडवीत जुनी हॅन्सीट किंवा पुढच्या इंजिनाची बजाज उभी असेल, तर तोवर ती वजनावर विकू नका. चाकांखाली विटा लावा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून इंजिन महिन्यातून एकदा हातानं फिरवा, आणि आरसीचं पुस्तक कोरड्या जागी ठेवा.